पाऊण किलोने हुकलेलं ऑपरेशन

लिफ्टच्या विषयावर आमच्या इमारतीची सभा भरली आणि माझ्या पोटाच्या विषयावर संपली. मधला भाग मला सांगता येणार नाही, कारण तो सगळा वेळ मी जिना उतरत होतो.

मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझे दोन्ही गुडघे कामातून गेलेले आहेत. सभा खाली, टपालपेट्यांसमोरच्या मोकळ्या जागेत होती. मी पोचलो तेव्हा तळमजल्यावरचे मास्तर उभे राहून बोलत होते. मास्तर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. लग्न केलं नाही, अंगावर मांस धरलं नाही. दाराच्या चौकटीत उभ्याउभ्या दूध-पाव खाऊन जेवण उरकतात आणि तेवढ्या वेळात कोणाच्या चपलांनी जिना खराब होतो ते बघून ठेवतात.

"प्रश्न लिफ्टचा नाही," मास्तर म्हणत होते. "जिना चांगला आहे. बाकी सगळे चढतात. प्रश्न एका माणसाचा आहे. अख्ख्या इमारतीला भोक पाडण्यापेक्षा एका माणसाने वजन कमी करणं सोपं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तेव्हाच प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकत होतो. खुर्चीचे मागचे दोन पाय शांतपणे बाजूला सरकले आणि मी हळूहळू, म्हणजे सगळ्यांना नीट बघता येईल इतक्या हळू, खाली गेलो. यावर मास्तरांना काही बोलावं लागलं नाही. लिफ्टचा ठराव तिथेच पडला, माझ्या शेजारी.

मला इमारतीत वजनसाहेब म्हणतात. हे नाव माझ्या पोटामुळे पडलेलं नाही, हे मी इथे स्पष्ट करतो. मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. दुकानांतले काटे तपासायचे, खरे निघाले तर शिक्का मारायचा, खोटे निघाले तर जप्त करायचे, हे काम मी निवृत्त होईपर्यंत केलं. तेव्हा माझं स्वतःचं वजन बेताचं होतं. नाव आधी आलं आणि पोट मागून आलं, पण नव्या भाडेकरूंना हा इतिहास माहीत नसतो.

पोट आलं ते ही गेल्यानंतर. ही म्हणजे माझी बायको. दोन वर्षं होत आली. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही. ती होती, आता नाही. लोक म्हणायचे, साहेब खचतील, खंगतील. मी उलट फुगत गेलो. भेटायला येणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत व्हायची. तयार करून आणलेली सहानुभूती माझ्याकडे बघून त्यांना परत न्यावी लागायची.

सभेची बातमी मुलीला दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी फोन करून दिली. मुलगी संध्याकाळीच आली.

"बाबा, आता पुरे झालं. माझ्याकडे चला. तळमजला आहे, मागची खोली तुमचीच समजा."

"आणि हे घर?"

"विकू. किंवा भाड्याने देऊ. तीन-तीन दिवस खाली उतरत नाही तुम्ही. उद्या वर काही झालं तर खाली कोण आणणार तुम्हाला?"

हा प्रश्न रास्त होता. मला खाली आणायला किती माणसं लागतील याचा विचार मीही केला होता. पण मला हे घर सोडायचं नव्हतं. या स्वयंपाकघरात डबे अजून हिने ठेवले त्याच क्रमाने आहेत. मुलीच्या मागच्या खोलीत डबे नाहीत, एक पलंग आणि जावयाची सायकल आहे.

"गुडघे बदलून घेतो," मी म्हणालो. "मग चढेन-उतरेन. मग तर झालं?"

"झालं," मुलगी म्हणाली. "पण ते नाही जमलं तर माझ्याकडे. कबूल?"

मी कबूल म्हणालो. यात माझं घर पणाला लागलं हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

गुडघ्याच्या डॉक्टरांनी माझे एक्स-रे उजेडाकडे धरले, मग मला उजेडाकडे धरलं असतं पण ते शक्य नव्हतं. ते म्हणाले, "गुडघे बसवतो, पण या वजनाखाली ते टिकायचे नाहीत. आधी वजन उतरवा." मी म्हणालो, चालल्याशिवाय वजन उतरत नाही आणि गुडघ्यांशिवाय चालता येत नाही. ते म्हणाले, बरोबर आहे, आणि त्यांनी मला पोटाच्या सर्जनकडे पाठवलं. सरकारी नोकरीत एवढी वर्षं काढल्यामुळे मला ही पद्धत ओळखीची वाटली.

पोटाच्या सर्जन एक मध्यमवयीन बाई होत्या. त्यांच्या टेबलावर प्लास्टिकची चार पोटं मांडलेली होती, दुकानात नमुने ठेवतात तशी. त्यांनी एकेक हातात घेऊन मला दाखवलं.

"हे पहिलं. यात पोटाचा बराचसा भाग कापून काढून टाकतो. केळ्याएवढी नळी उरते. काढलेलं परत बसवता येत नाही. हे दुसरं, बायपास. वर एक छोटी पिशवी करतो आणि आतडं वळवून तिला जोडतो. वजन चांगलं उतरतं, पण जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. हे तिसरं, पट्टा. पोटाच्या वरच्या भागाला बाहेरून पट्टा घालतो. काढता येतो, पण हल्ली कमी बसवतात, पुष्कळांचा काढावाच लागतो. आणि हा फुगा. कापाकापी नाही, तोंडावाटे आत सोडून फुगवतो. काही महिन्यांनी काढतो. परिणामही बहुधा तेवढ्यापुरताच."

"यातलं चांगलं कोणतं?"

"तुम्हाला झेपेल ते."

मला हे उत्तर आवडलं नाही. किलो म्हणजे किलो, तो कोणाला झेपतो यावर ठरत नाही. पण बाई सरळ होत्या. म्हणाल्या, "तुमच्या वयात ऑपरेशन करतात. हृदय, फुप्फुसं, सगळं आधी तपासू. पण वजनाबरोबर स्नायूही जातात, हाडंही विरळ होतात, भरून यायला वेळ लागतो. तेव्हा घाई करू नका. घरी जाऊन विचार करा."

घरी जाऊन विचार करायचा म्हणजे आधी जिना चढायचा. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर शिंपीणबाईंनी माझ्यासाठी एक स्टूल ठेवलेलं असतं. दार उघडं ठेवून त्या आत मशीन चालवतात आणि स्टुलावर बसणाऱ्याशी बोलतात. तिथे बसायला मिळतं, पण जे सांगाल ते मग इमारतीचं होतं. मी चार पोटांचं सांगितलं. दुसऱ्या दिवसापर्यंत इमारतीत चार पक्ष झाले होते.

शिंपीणबाई पहिल्या प्रकाराच्या बाजूने होत्या. "भाऊ, कापून शिवलेलं कधीही चांगलं. नुसतं दुमडून टाचलं की धुतल्यावर सुटतं. तुमच्या पँटी मी दोनदा सैल केल्यात, आता आत कापडच उरलं नाही. पोटच कापा."

त्यांचा नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर बेसिनखालूनच बोलला. "बायपास नका करू, साहेब. लाइन वळवली की जॉइंट आला. जॉइंट आला की मी आलो."

"तू कसा येशील? ते डॉक्टर करतात."

"माझ्यासारखं कोणीतरी येईलच की. आणि येणारा प्रत्येक जण आधीच्याला शिव्या देतो, बघा. 'हे कोणी केलंय असलं काम?' म्हणतो."

मास्तर पट्ट्याचे समर्थक निघाले. ते मला खाली गाठून म्हणाले, "शिस्त आतून येत नाही हो. माझा अनुभव आहे. बाहेरूनच आवळावी लागते. आणि सुधारलं की पट्टा काढता येतो. न्याय्य पद्धत आहे."

फुग्याच्या बाजूने फक्त माझी मुलगी होती, कारण तिला कापाकापीची भीती वाटत होती. पण तिला इमारतीत मत नव्हतं.

मी स्वतः कुठल्याच पक्षात नव्हतो. माझं पोट हा सार्वजनिक विषय झाल्यावर त्याच्याबद्दल मला परकेपणा वाटू लागला होता. लोक जिन्यात थांबवून त्याची चौकशी करायचे, माझी नाही. शेवटी सर्जनबाईंनीच तपासण्या बघून पहिला प्रकार सुचवला. शिंपीणबाईंना स्वतःचाच विजय झाल्यासारखं झालं. मास्तर दोन दिवस बोलले नाहीत.

आता फक्त विम्याची मंजुरी राहिली होती. विमा कंपनीच्या नियमात वजन आणि उंची यांचं गणित करून एक आकडा काढतात. आकड्याच्या वर असलात तर ऑपरेशन ही गरज, खाली असलात तर हौस. हौसेला ते पैसे देत नाहीत. फोनवरचा माणूस म्हणाला, "काळजी नको सर. तुमच्या डॉक्टरांनी कळवलेल्या वजनावरून तुम्ही आरामात बसता. फक्त दवाखान्यात एकदा अधिकृत वजन करून पाठवा."

आरामात बसता, हे वाक्य मला कोणी बऱ्याच दिवसांनी म्हटलं होतं.

अधिकृत वजनाला मुलगी बरोबर होती. खोलीत एक नर्स, एक उंची मोजायची पट्टी आणि एक इलेक्ट्रॉनिक काटा. काट्यावर पाय घसरू नये म्हणून जाड रबरी चटई टाकलेली. मी काट्यासमोर उभा राहिलो आणि सवयीने आधी आकडा बघितला. काट्यावर कोणी नव्हतं. आकडा सव्वादोन किलो दाखवत होता.

"बाई, हा काटा शून्यावर नाही."

"तो तसाच असतो," नर्स म्हणाली.

हे वाक्य मी नोकरीत हजारदा ऐकलं आहे. भाजीवाल्याकडे ऐकलं, सोनाराकडे ऐकलं, भंगारवाल्याकडे ऐकलं. ते ऐकलं की माझ्या अंगात काहीतरी ताठ होतं. निवृत्तीनंतर ते पहिल्यांदाच झालं.

"तसाच कसा असेल? कोणी उभं नाही आणि सव्वादोन किलो? कोणाचे?"

"चटईचे असतील."

"मग चटईचं वजन माझ्या नावावर का?"

"बाबा," मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "उभे राहा ना."

"उभा राहतो. आधी शून्य करा. आणि याच्यावर तपासणीचा शिक्का कुठे आहे?"

नर्सने शून्य करायचं बटण शोधलं. ते सापडायला दोन वॉर्डबॉय आणि एक तंत्रज्ञ लागला. मग मी उभा राहिलो. आकडा आला. आधीच्या वजनापेक्षा सव्वादोन किलो कमी. मला समाधान वाटलं. मग उंची. एवढ्या माणसांसमोर आपली बाजू खरी ठरल्यावर माणूस जरा ताठ उभा राहतो. मीही राहिलो. उंची एका सेंटीमीटरने जास्त भरली. मी नर्सला हेही लिहायला लावलं, की जुन्या वजनात चटई धरलेली होती. तिने मुकाट्याने लिहिलं.

विम्याचा फोन आठवड्याने आला. "सर, सॉरी. तुम्ही बसत नाही. पाऊण किलो कमी पडतंय."

मुलगी माझ्यासमोरच होती. मी फोन ठेवेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "तुम्हाला गप्प उभं राहता आलं नाही? जगातला एक काटा तुमच्या बाजूने खोटा होता, बाबा. एक."

"खोटा काटा कोणाच्याच बाजूचा नसतो."

"मग चला माझ्याकडे. तुमचं सामान कधी हलवायचं ते सांगा."

मी फोनवर पुन्हा चौकशी केली. एक वाट होती. महिन्याने पुन्हा अधिकृत वजन करता येत होतं. तेव्हा पाऊण किलो वाढलेला असला तर मंजुरी. मुलीने महिन्याची मुदत दिली. त्यानंतर मागची खोली.

म्हणजे वजन कमी करण्यासाठी मला आधी वजन वाढवायचं होतं. हे मी स्टुलावर बसून शिंपीणबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी मशीन थांबवलं.

"पाऊण किलो? एवढंच ना? भाऊ, ते आमच्यावर सोडा."

प्लंबरचा उपाय वेगळा होता. त्याने खिशातून शिशाचा एक तुकडा काढला. "हा पँटच्या आतल्या खिशात. कोणाला कळतंय?"

मला इतका अपमान क्वचितच वाटला असेल. मी त्याला सांगितलं, की शिशाचे असले तुकडे मी पारड्यांच्या बुडाखालून खरवडून काढले आहेत. जे वाढायचं ते अंगावर वाढलं पाहिजे. पोटात गेलेलं अन्न हे वजन आहे आणि खिशात गेलेलं शिसं हा गुन्हा आहे. प्लंबर म्हणाला, "बरं, मग खा," आणि तुकडा परत ठेवला.

शिंपीणबाईंनी वाटणी केली. सकाळी त्यांचं, दुपारी समोरच्या बिऱ्हाडाचं, संध्याकाळी पहिल्या मजल्याचं. मास्तरांनी आधी हरकत घेतली. "एका माणसाने वजन कमी करावं असा सभेचा कल होता. हे उलट चाललंय." मग मुदतीचं आणि मागच्या खोलीचं त्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी माझ्या दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली होती. आत एक पाव होता आणि दुधाची बाटली. चिठ्ठी वगैरे नव्हती. मास्तरांनी तीन मजले चढून ती आणली होती आणि बेल न वाजवता परत गेले होते.

महिनाभर माझ्याकडे चूल पेटली नाही. लोण्यात परतलेले बटाटे आले, अंडी आली, भात आला, मलई घातलेलं सूप आलं. प्रत्येक वेळी एक झाकलेली ताटली यायची. मी ती संपवायचो, धुवायचो, परत करायचो. "संपलं ना सगळं?" विचारायचे. संपलं म्हणून सांगायचो. आमचं पातेलं ओट्यावर उपडं पडून होतं. टेबलावर एकच ताटली दिसायची. ते जरा चमत्कारिक वाटायचं, पण शेजाऱ्यांना ते काय सांगणार?

महिन्याने पुन्हा तीच खोली, तीच नर्स. मला बघताच तिने आपणहून चटई काढून दाखवली, काटा शून्य करून दाखवला आणि बाजूला उभी राहिली. शिंपीणबाई खास बरोबर आल्या होत्या. मी उभा राहिलो.

चार किलो कमी.

"काटा बिघडलाय," शिंपीणबाई म्हणाल्या.

मी काटा पुन्हा तपासला. काटा खरा होता.

"मग लोणी कुठे गेलं माझं? भाऊ, तुम्ही फेकत तर नव्हता ना?"

"आमच्या घरात अन्न फेकत नाहीत."

"मग समोरच्या बिऱ्हाडाने हात आखडता घेतला असणार. मी म्हटलंच होतं."

मुलगीही होती. ती नुसती माझ्याकडे बघत होती, दुसऱ्याच काहीतरी भीतीने. उतारवयात वजन आपोआप उतरलं तर त्याचे वाईट अर्थ असतात. सर्जनबाईंच्याही ते मनात आलं असावं. त्यांनी रक्त तपासलं, फोटो काढले. सगळं ठीक निघालं. तेव्हा त्यांनी आम्हाला आहारतज्ज्ञ मुलीकडे पाठवलं. तिने मला समोर बसवलं. माझी मुलगी बाजूच्या खुर्चीत.

"काका, या महिन्यात काय काय खाल्लं?"

मी सांगितलं. लोण्यासकट.

"आणि त्याच्या आधी? स्वतः करत होता तेव्हा?"

"साधंच. भात, भाजी, कधी अंडी."

"किती करत होता?"

"जेवढं होतं तेवढं. एक माप तांदूळ, त्या हिशोबाने भाजी."

"माप म्हणजे केवढं?"

मी हाताने दाखवलं. ती लिहिता लिहिता थांबली.

"हे एका माणसाचं नाही, काका."

"नाहीच. दोघांचं आहे. माप हिचं आहे, माझ्या बायकोचं. पातेलंही त्याच मापाचं."

"मग काकू काय खातात?"

"ती नाही. दोन वर्षं झाली."

"मग दुसरी ताटली—"

"वाढतो. आधी माझी जेवतो, मग तिची. फेकायचं कसं?"

हे मी जसं झालं तसं सांगितलं. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं म्हणून सांगितलं नव्हतं, एवढंच. पण ती मुलगी पेन खाली ठेवून खिडकीकडे बघू लागली. माझी मुलगी पर्समध्ये काहीतरी शोधू लागली आणि तिला ते बराच वेळ सापडलं नाही.

सर्जनबाईंना हे कळल्यावर त्यांनी मंजूर न झालेले माझे कागद बाजूला ठेवले. "पुष्कळांना हे ऑपरेशन लागतं आणि त्याचा उपयोगही होतो. मी रोज करते. पण तुमचं हे सगळं वजन या दोन वर्षांतलं आहे आणि ते का आलं हे आता कळलंय. सहा महिने एका माणसाचं जेवा. गुडघ्याच्या डॉक्टरांना मी कळवते. नाही जमलं तर मी आहेच, ऑपरेशन कुठे पळून जात नाही."

परत येताना गाडीत मुलगी म्हणाली, "मी रोज फोन करून विचारत होते, काय जेवलात म्हणून."

"आणि मी रोज खरं सांगत होतो. काय ते विचारायचीस. किती जणांचं ते विचारलं नाहीस."

"सहा महिने," ती म्हणाली. "मागची खोली तोवर तशीच ठेवते."

"सायकल ठेवा तिथे," मी म्हणालो.

आता एका माणसाचा स्वयंपाक करायचा होता. ही गोष्ट जितकी सोपी वाटते तितकी नाही. मी तांदूळ बरोबर अर्धे तोलून घेतले. माझ्याकडून तोलण्यात चूक व्हायची नाही. पण पातेलं दोघांचं. अर्धे तांदूळ त्याच्या तळाशी पसरले, पाणी क्षणात आटलं आणि भात करपला. दुसऱ्या दिवशी पाणी वाढवलं, खिमट झालं. शिंपीणबाई म्हणाल्या, लहान पातेलं घ्या. बाजारात शंभर मिळतील. मी दुकानापर्यंत गेलोही. दुकानदाराने विचारलं, "एकट्यासाठी का?" मी काही न घेता परत आलो.

मग मी पूर्वीसारखं एक माप तांदूळ घेतला. भात मोकळा झाला. दोन ताटल्या वाढल्या. माझी जेवलो. दुसरीसमोर बसलो. एका माणसाचं जेवा, हे सर्जनबाईंचं सांगणं आठवत होतं आणि अन्न फेकायचं नव्हतं. मग मी ती ताटली झाकली, कठडा धरला आणि जिना उतरू लागलो.

मास्तर चौकटीत उभे होते. हातात दूध-पाव.

"हे कशाला?"

"उरलं."

त्यांनी झाकण उचलून बघितलं. अंडी होती, भात होता, वाफ येत होती. उरलेलं अन्न असं नीट वाढलेलं नसतं हे शाळेच्या मुख्याध्यापकाला कळत असणार. ते एवढंच म्हणाले, "रोज उरणार आहे का?"

"रोज."

"मीठ बेताचं टाकत जा," मास्तर म्हणाले आणि ताटली घेतली.

तेव्हापासून ही व्यवस्था सुरू झाली. मी रोज ताटली घेऊन खाली जायचो आणि रिकामी घेऊन वर यायचो. गुडघ्याचे डॉक्टर म्हणाले होते, दुखेल इतकं चढू-उतरू नका, तेव्हा प्रत्येक वळणावर थांबायचो. सुरुवातीला शिंपीणबाईंच्या स्टुलावर बसल्याशिवाय चालायचं नाही. नंतर नुसता हात टेकायचो. मग एकदा न थांबता पुढे गेलो तर त्या आतून ओरडल्या, "भाऊ, रागावलात का?"

वजन उतरत गेलं. भराभर नाही, पण खऱ्या काट्यावर. शिंपीणबाईंनी माझ्या पँटी पुन्हा आत घेतल्या. काही महिन्यांनी गुडघ्याच्या डॉक्टरांनी एका गुडघ्याची तारीख दिली. मुलीने फोनवर सांगितलं, की मागच्या खोलीत आता दोन सायकली आहेत. घर राहिलं. डबे पुसून पुन्हा त्याच क्रमाने लावले.

माझ्या मोजमापांच्या नादात एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली. ती शिंपीणबाईंनी दाखवली. एकदा त्यांच्या मशीनवर एक करडी पँट होती आणि त्या शिवण उसवत होत्या.

"ही माझी नाही," मी म्हणालो.

"मास्तरांची. सैल करायला टाकलीय. पस्तीस वर्षं एकच माप होतं म्हणे. कोणाला सांगू नका, असं बजावून गेलेत."

त्याच आठवड्यात एका दुपारी मी ताटली झाकत होतो तेवढ्यात जिन्यात आवाज आला. मी दार उघडून वाकून बघितलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, माझ्या स्टुलावर, मास्तर बसले होते. चेहरा लाल झाला होता. मांडीवर आदल्या दिवशीची धुतलेली ताटली.

"मी आणतच होतो खाली," मी वरून म्हणालो.

"गार होतं," मास्तर धापा टाकत म्हणाले. "खाली येईपर्यंत अन्न गार होतं. म्हटलं, आपणच वर जावं." त्यांनी वर उरलेल्या पायऱ्यांकडे बघितलं. "साहेब, तो लिफ्टचा विषय पुढच्या सभेत पुन्हा घ्यायला हवा. मी मांडतो."

"मास्तर, अख्ख्या इमारतीला भोक पाडण्यापेक्षा एका माणसाने वजन कमी करणं सोपं."

आतलं मशीन थांबलं. मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आज काय केलंय?"

"बटाटे. लोण्यात."

ते उठले. एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने ताटली धरून सावकाश वर आले. वर येईपर्यंत मी मनात ठरवून ठेवलं होतं, की त्यांना भिंतीकडची खुर्ची द्यायची. टेबलाला चार खुर्च्या आहेत. ओट्याजवळची हिची, ती सोडून कुठलीही चालेल असं सांगायचं. मी दुसरी ताटली घ्यायला वळलो. परत बघतो तर मास्तर ओट्याजवळच्या खुर्चीवर बसलेले. कारण तीच सगळ्यात जवळ होती आणि त्यांना दम लागला होता.

मी दुसरी ताटली तिथेच, त्यांच्यासमोर ठेवली. भात वाढला, बटाटे वाढले, मीठ बेताचं होतं. मास्तर नीट मागे टेकून बसले तेव्हा खुर्ची करकरली. आम्ही दोघांनीही तिकडे लक्ष दिलं नाही.